मुलींचे मागाहून पाहू

मंडळाची स्मरणिका निघणार असे ठरले, त्याच दिवशी चिटणीसबाईंनी मला गाठले आणि म्हणाल्या, "शाळेच्या कामाचा इतिहास तुम्हीच लिहा." मी हो म्हटले. लिहायला बसले तेव्हा मात्र ध्यानात आले, की पलीकडच्या गल्लीतल्या कॉर्पोरेशनच्या शाळेत आपण भगिनी गेली दहा-अकरा वर्षे जे काही करीत आलो, ते दोन पानांत आटोपेल. पण ते करण्याची पाळी आपल्यावर का आली, हे सांगायचे तर दीडशे वर्षे मागे जावे लागेल. तेव्हा वाचकभगिनींनी थोडा धीर धरावा.

सरकारी शाळा म्हणजे सरकारने वरून दिलेली देणगी, असा आपल्यापैकी पुष्कळजणींचा समज असतो. माझाही होता. वस्तुस्थिती तशी नाही. इंग्रजी अमदानीत, १८६० नंतरच्या दशकात, मुंबई इलाख्यात शेतकऱ्याच्या सारारुपयामागे एक आणा जादा घेण्यास आरंभ झाला. या लोकलफंडातला तिसरा हिस्सा शाळांसाठी आणि बाकीचा रस्त्यांसारख्या कामांसाठी, अशी वाटणी होती. म्हणजे गावच्या शाळेचा पैसा गावच्याच खळ्यावरून गेलेला होता. तो खर्च कसा होतो हे पाहण्यासाठी तालुक्याला आणि जिल्ह्याला कमिट्या नेमल्या, परंतु त्यांत बसणारे कोण, तर अधिकारी आणि इनामदार. ज्याच्या खळ्यावरून आणा गेला, त्याला तिथे खुर्ची नव्हती. त्याच्या बायकोचा तर प्रश्नच नव्हता.

हे विषम गणित ज्यांनी चारचौघांत उघड मांडले ते आपल्या पुण्याचेच जोतीराव फुले. १८८२ साली शिक्षणाच्या चौकशीसाठी हंटरसाहेबांचे कमिशन आले, तेव्हा जोतीरावांनी त्याला लेखी निवेदन दिले. ते निवेदन मी शाळेत शिकवीत असताना परीक्षेपुरते वाचले होते. निवृत्त झाल्यावर पुन्हा वाचले, आणि या वेळी निराळ्याच ओळींपाशी थांबले. रयतेच्या पैशातून वरच्या वर्गांचे उच्च शिक्षण चालते व खालच्यांच्या प्राथमिक शाळा उपाशी राहतात, ही त्यांची तक्रार सर्वांना ठाऊक आहे. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही मागणीही ठाऊक आहे. पण त्यांनी मास्तरांचा पगारसुद्धा सांगितला आहे: बारा रुपयांहून कमी नको, मोठ्या गावी पंधरा किंवा वीस. आणि तपासणीविषयी ते म्हणतात, की डेप्युटीसाहेबाने वर्षातून एकदा येऊन जाण्याने काही साधत नाही. निदान तीन महिन्यांनी एकदा तरी शाळा पाहावी, शिवाय आगाऊ वर्दी न देता मध्येच जाऊन पाहावी.

वर्दी न देता जाऊन पाहणे! स्वतः मुलींच्या शाळा काढलेल्या आणि काही वर्षे पुणे म्युनिसिपालिटीत सभासद म्हणून बसलेल्या माणसालाच हे सुचावे. निवेदनाच्या अखेरीस त्यांनी मुलींच्या प्राथमिक शिक्षणासाठी अधिक सढळ हाताने उपाय योजावेत अशी विनंतीही केली आहे.

यापुढचा कायद्यांचा पाढा मी भरभर म्हणते, कारण तो कंटाळवाणा आहे. १८८४ च्या कायद्यांनी लोकलबोर्डे व म्युनिसिपालिट्या यांच्याकडे शाळा सोपविल्या. बडोद्याला सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीचे शिक्षण करून पाहिले व १९०६ मध्ये ते सबंध संस्थानाला लावले. नामदार गोखल्यांनी १९११ मध्ये कलकत्त्याला वरिष्ठ कायदे कौन्सिलात सक्तीच्या शिक्षणाचे बिल आणले. पुढच्या वर्षी ते मोठ्या बहुमताने फेटाळले गेले. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापुरात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, आणि मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांच्या खटपटीने कायदा झाला, की ज्या म्युनिसिपालिटीला इच्छा असेल तिने आपल्या हद्दीत सक्ती करावी.

यातली एक गोष्ट मात्र सोडून पुढे जाता येत नाही. गोखल्यांचे बिल किती सौम्य होते! ज्या भागात बरीच मुले आधीच शाळेत जात असतील तिथेच सक्ती, तीही सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांना. मुलींना ती पुढे केव्हा तरी लावता येईल, एवढीच सोय. गोखल्यांविषयी मला मोठा आदर आहे, आणि एवढे सौम्य बिलसुद्धा पडले हे पाहता त्यांची अडचण कळते. तरीही "मुलींचे मागाहून" हे शब्द तिथून जे सुरू झाले, ते आपल्या गावात पुन्हा ऐकू आले.

पटेलांच्या कायद्यान्वये पुणे म्युनिसिपालिटीत सक्तीचा प्रश्न निघाला, तेव्हा पैसा थोडा आहे, तर आधी मुलग्यांपासून आरंभ करू, मुलींचे मागाहून पाहू, असा पक्ष जोरावर होता. लोकमान्य टिळकांचेही मत त्याच बाजूला होते. दुसऱ्या बाजूला सेवासदनाच्या रमाबाई रानडे होत्या, विठ्ठल रामजी शिंदे होते. १९२० च्या आरंभी या प्रश्नावर पुण्यात सभा झाल्या, त्यांत गडबडगोंधळ झाला, आणि बायकांची मिरवणूक रस्त्याने निघाली. जिथे बाईने भर बाजारातून खाली मान घालून जावे अशी अपेक्षा, त्या पुण्यात बायका मुलींची शाळा मागायला चालत गेल्या. चूल, मुले, सासू, शेजारीण, सगळ्यांना काय सांगून त्या निघाल्या असतील, हा विचार माझ्या मनात पुष्कळदा येतो. ती मागणी त्या दिवशी पदरात पडली नाही. आरंभ मुलग्यांपासूनच करण्याचे ठरले.

माझ्या सासूबाई त्यानंतर दहा वर्षांनी जन्मल्या. त्या सातवी फायनल झाल्या होत्या व त्याचा त्यांना फार अभिमान होता. दाण्याच्या कुटाच्या डब्यावरसुद्धा त्या तारीख लिहून ठेवीत. परंतु त्यांच्या धाकट्या बहिणीला दुसरीतूनच काढले होते, कारण घरात तान्हे मूल होते आणि त्याला कोणी तरी घ्यायला हवे होते. "तिचं मागाहून पाहू म्हणाले, आणि मग कुणी पाहिलंच नाही," असे त्या सांगत.

पुढे १९२३ व १९४७ च्या कायद्यांनी स्कूलबोर्डे आली. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्यावर खेड्यांतल्या शाळा त्यांच्याकडे गेल्या. २००९ मध्ये बालकांच्या शिक्षणहक्काचा कायदा झाला व १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. त्यात प्रत्येक सरकारी शाळेला शाळा व्यवस्थापन समिती असावी असे सांगितले. तिचे तीन चतुर्थांश सभासद मुलांचे पालक, आणि एकूण सभासदांत निम्म्या बायका. शाळेचे काम पाहणे, तिच्या विकासाचा आराखडा करणे, आलेल्या पैशाचा विनियोग कसा होतो यावर लक्ष ठेवणे, ही तिची कामे. खळ्यावरून आणा गेला तेव्हा जी खुर्ची मिळाली नाही, ती अशी दीडशे वर्षांनी कायद्याने मिळाली.

पण खुर्ची मिळणे निराळे आणि तीवर बसणे निराळे. हे मला २०१४ मध्ये कळले.

त्या वर्षी आपल्या शेजारच्या शाळेच्या समितीवर मला "स्थानिक शिक्षणतज्ज्ञ" म्हणून घेतले. हा शब्द ऐकून घरात सर्वांची हसून पुरेवाट झाली. एकतीस वर्षे मराठी शिकविले एवढीच माझी तज्ज्ञता. पहिल्या सभेला गेले तो मी, मुख्याध्यापिका आणि एक शिक्षक असे तिघेच. वही उघडून पाहिली, तर मागच्या साऱ्या सभांना सगळ्या बायका हजर! सह्या ओळीने, एकाच शाईने. चौकशी करता समजले, की शिपाई वही घेऊन वस्तीत घरोघर जाई व उंबऱ्यातच सह्या घेई. मुख्याध्यापिका मनाने वाईट नव्हत्या. "सकाळी अकराला बोलावलं तर त्या येणार कशा? आणि सभा झाली नाही तर वरून पत्र येतं," असे त्या म्हणाल्या, आणि ते खरेच होते. त्या बायका अकराला कोणाच्या तरी घरी भांडी घाशीत असत. त्यांतल्या एक आमच्या अध्यक्षबाई. कायद्याने अध्यक्ष पालकांतलाच असतो, आणि आपण अध्यक्ष आहोत हे त्या बाईंना सहा महिने कोणी सांगितलेच नव्हते.

मी हे मंडळाच्या बैठकीत सांगितले, आणि तिथूनच मंडळाचे काम सुरू झाले. पहिले काम अगदी साधे होते: सभेची वेळ संध्याकाळी सातची करून घेणे. दुसरे, त्या वेळी सभासद बायकांची लहान मुले आपल्यापैकी कोणी तरी सांभाळणे. तिसऱ्या सभेला सात बायका आल्या.

एक कबुलीही द्यायला हवी. अध्यक्षबाई ज्या चार घरी काम करीत, त्यांतले एक घर आपल्याच एका सभासदभगिनीचे होते. त्या भगिनी वाचनाच्या तासाविषयी बोलायला सभेत आल्या आणि सवयीने म्हणाल्या, "अगं, तो पंखा लाव जरा." अध्यक्षबाई उठल्या, पंखा लावला आणि पुन्हा अध्यक्षांच्या खुर्चीवर येऊन बसल्या. क्षणभर कोणीच बोलले नाही. पुढच्या सभेला आपल्या भगिनी त्यांना "अहो बाई" म्हणाल्या, आणि घरीही तेच म्हणू लागल्या. त्यांना हे जड गेले असे त्यांनीच मला सांगितले. त्यांच्या परवानगीनेच लिहिते आहे.

मंडळात खरा वाद झाला तो कडीवरून. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला आतून कडी नव्हती. पाचवी-सहावीच्या मुली दिवसभर पाणी पीत नसत. सातवीच्या दोघी महिन्यातून चार-पाच दिवस शाळेतच येत नसत. शाळेने दोनदा अर्ज केले होते. आपल्या बैठकीत काही भगिनी म्हणाल्या, "साठ रुपयांची कडी, उद्या बसवून टाकू, कशाला चर्चा?" दुसऱ्या म्हणाल्या, "आज कडी, उद्या नळ, परवा पत्रे; मग कर कशाला भरतो? आपण बसवत राहिलो तर त्यांना जाब कोण विचारणार?" दोन्ही बाजू खऱ्या होत्या. जोतीराव असते तर दुसऱ्या बाजूला बसले असते, असे मला तेव्हा वाटले व अजूनही वाटते; शाळा लोकांच्याच पैशाची आहे, तिला भीक घालायची नसते. पण ठरावाला उत्तर येईपर्यंत मुलींनी पाणी प्यायचे नाही काय? शेवटी आपण कडी बसविली, आणि त्याच संध्याकाळी समितीच्या वहीत ठराव लिहिला, की ही कडी मंडळाने तात्पुरती बसविली असून दुरुस्तीची जबाबदारी प्रशासनाची आहे, व नळ, दिवा आणि दाराचे काम अमुक तारखेपूर्वी व्हावे. ठराव अध्यक्षबाईंनी सांगितला, मी लिहिला. नळाला चौदा महिने लागले. दर महिन्याच्या सभेत तो विषय पहिला घेतला जाई, एवढेच आम्ही केले.

तेव्हापासून मंडळाचा हाच रिवाज आहे. पैसा शक्यतो नाही, वेळ द्यायचा. गुरुवारी वाचनाचा तास. खिचडी शिजते त्या दिवशी आळीपाळीने, न सांगता, जाऊन चव पाहणे (खिचडी करणाऱ्या बचतगटाच्या बायका आधी रुसल्या, मग आम्हालाच मीठ विचारू लागल्या). आणि हजेरीपट पाहून जी मुलगी आठ दिवस आली नाही, तिच्या घरी जाणे.

या शेवटच्या कामात आपल्याला यश आले तितकेच अपयशही आले आहे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि लहान वर्ग जवळजवळ दोन वर्षे बंदच राहिले. आपल्या भगिनींनी फोनवरून गोष्टी वाचून दाखविल्या. ज्या घरी एकच फोन आणि तो बाप कामावर घेऊन जाई, तिथे रात्री नऊनंतर वाचल्या. शाळा उघडल्यावर हजेरीपटावरची पाच नावे परत आली नाहीत. तीन कुटुंबे गावी गेली होती, त्यांचा पत्ता लागला व मुलांची नावे तिकडच्या शाळेत घातली गेली. एक मुलगी अध्यक्षबाईंनी स्वतः परत आणली. पाचवी सहावीत होती, फार चांगले वाचायची. तिच्याकडे मी चार वेळा गेले. घरात धाकटा भाऊ होता, आई कामाला जाई. आई मला चहा देई आणि म्हणे, "बाई, पुढच्या वर्षी पाठवते. ह्याला शाळेत घातला की हिचं बघू."

त्या मुलीचे नाव हजेरीपटावरून कमी झाले, पण समितीच्या वहीत "भेट बाकी" या सदराखाली आम्ही ते ठेवले आहे. गेल्या जूनमध्ये धाकटा भाऊ पहिलीत आला. त्याला पोचवायला तीच येते. फाटकाशी उभी राहते आणि गुरुवारी वाचनाचा तास सुरू झाला की आत डोकावते. दहावीला बाहेरून बसण्याचा सतरा नंबरचा अर्ज असतो, त्याविषयी अध्यक्षबाई आणि मी तिच्या आईशी या महिन्यात बोलणार आहोत.

गुरुवारच्या वाचनाला सध्या दोन भगिनींची उणीव आहे. वेळ दुपारी तीन ते चार. चष्मा बरोबर आणावा. खालच्या वर्गात उजेड कमी आहे, आणि तो विषय वहीत पहिला आहे.