पापणीवरचं अंडं

अंडी उबवून देणं हा माझा धंदा. यंत्रावरचा आकडा ३७.५ वरून अंशभर जरी हलला, तरी माझी झोप उडते. जुन्या इजिप्तमधल्या उबवणीवाल्यांकडे आकडाच नव्हता. ते अंडं उचलून मिटल्या पापणीला लावत. तिथली कातडी पातळ, तिला ऊब अचूक कळते.

इजिप्तमध्ये अंडी शेणखतात पुरून उबवतात, असं अ‍ॅरिस्टॉटलनं लिहून ठेवलंय. पुढे भट्ट्या आल्या. कच्च्या विटांची लांबट इमारत, मधून बोळ, दोन्ही अंगांना दुमजली खोल्या. खाली हजारो अंडी, वर शेण आणि काडाची धुमसती धग. जाळ नाही. माणूस तिथेच राहायचा, अंडी फिरवत. न फिरवलेल्या अंड्यात गर्भ पडद्याला चिकटतो. निम्म्या वाटेवर आग विझवत, कारण वाढती पिल्लं स्वतःच ऊब धरू लागतात. नाईलच्या त्रिभुज प्रदेशातलं बेर्मा गाव या कामात नावाजलेलं. विद्या बापाकडून मुलाकडे जायची, बाहेर नाही.

फ्रान्सच्या रेओम्यूर या शास्त्रज्ञानं १७४९मध्ये अंडी उबवण्यावर ग्रंथच छापला. त्याच्या थर्मामीटरात पाणी ८० अंशांना उकळायचं. अंड्यांना ३२ अंश लागतात, हे त्यानं नक्की केलं. म्हणजे हिशेबानं आपले ४०, माझ्या आकड्याहून जरा जास्तच. शेणखतात पिंपं पुरून त्यानं पिल्लं काढली. पापणीचं काम इथे काचेच्या नळीनं केलं.

एकविसाव्या दिवसाला मात्र यंत्राचाही इलाज नसतो. पिल्लू कवच टिचवतं आणि तासन्‌तास गप्प पडतं. मेलं की काय, असं वाटून नवखा माणूस कवच सोलतो आणि रक्त येतं. पडद्यातलं रक्त अजून अंगात परतलेलं नसतं, पिवळा बलक पोटात ओढला गेलेला नसतो. आजी खुडूक कोंबडीखालचं टिचकलेलं अंडं कानाशी धरायची, आत कुरकुर ऐकली की तसंच परत ठेवायची. पडदा सुकून पिल्लाला चिकटला असेल तरच कोमट पाण्याचं बोट.

बेर्मावाल्यांचा करार साधा: तीन अंड्यांमागे दोन पिल्लं परत, वर निघतील ती उबवणाऱ्याची. मी अंड्यामागे पैसे घेतो, पिल्लू निघो न निघो. त्यांचा सौदा जास्त सरळ, हे मान्य. पण गिऱ्हाइकाचा कोंबडा म्हातारा निघाला, तर ती दोन पिल्लं मी कुठून आणू?