परक्या रानातली ठेव

ऑगस्ट महिना आला की शाळेत प्रतिसरकारची गोष्ट सांगायची, हा आमच्याकडचा जुना प्रघात. यंदाही मी ती सांगत होतो. शेणोलीजवळ पगाराची रोकड नेणारी गाडी अडवली, गोव्याहून बंदुका आणल्या, त्या रानात दडवल्या, असे सांगत पुढे चाललो होतो. तोच मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "गुरुजी, ज्याच्या रानात हत्यारं दडवली त्याला विचारलं होतं का?"

वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही. खोदून विचारले तेव्हा कळले, की त्याचा चुलतभाऊ परदेशी असतो आणि तिकडे वस्तू लपवण्याचा एक खेळ चालतो. मे २००० मध्ये अमेरिकी सरकारने उपग्रहांच्या संदेशात मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि सामान्य माणसाला पृथ्वीवरची आपली जागा नेमकी कळू लागली. लगेच दुसऱ्या दिवशी ऑरेगॉन राज्यातल्या एका गृहस्थाने रानात एक बादली ठेवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. ज्याला सापडेल त्याने पाहावी, काही घ्यावे, काही ठेवावे. खेळ जगभर पसरला आणि त्याचा एक नियम ठरला : जमीन खाजगी असेल तर मालकाची परवानगी घेतल्यावाचून डबा ठेवायचा नाही. मुलाने तोच नियम इतिहासाला लावला होता. उत्तर मात्र माझ्याजवळ तयार नव्हते.

जमिनीत काही पुरून ठेवणे आपल्याला नवे नाही. विहीर खणताना हंडा लागला, नांगराच्या फाळाला मोहरा अडकल्या, अशा कथा कृष्णाकाठच्या प्रत्येक गावात आहेत. इंग्रज सरकारने या कथांना कायद्यात बसवले ते १८७८ साली. जमिनीत दडवलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली, तर सापडणाऱ्याने कलेक्टरला लेखी कळवावे, असे त्या कायद्याने ठरवले. धन बेवारस ठरले आणि आपसांत तडजोड झाली नाही, तर तीन हिस्से सापडणाऱ्याचे व एक हिस्सा जागेच्या मालकाचा. लपवून ठेवले तर वर्षापर्यंत कैद. म्हणजे आपल्या जमिनीत काय पुरले आहे हे ठाऊक नसलेल्या मालकालाही कायद्याने चौथाई दिली होती.

त्याच १८७८ साली, त्याच लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत, हत्यारांचाही कायदा झाला. परवान्यावाचून बंदूक बाळगणे गुन्हा ठरला. सोने असो की लोखंड, रयतेने जमिनीच्या पोटात काय ठेवावे याचा हिशेब सरकारने एकाच वर्षी मागितला, याला योगायोग म्हणावे तर म्हणावे.

पण परक्या जमिनीत आपली ठेव ठेवण्याची एक राजरोस रीतही आमच्याकडे होती. सांगलीहून कोस-दीड कोसावर, कृष्णा आणि वारणा जिथे मिळतात तिथे, हरिपूर आहे. तिथली माती घट्ट, पाणी न झिरपणारी. त्या मातीत वीस-पंचवीस फूट खोल पेवे खणीत. तोंड माणूस उतरेल एवढेच, पोट मात्र रांजणासारखे. आत हळद भरून तोंड मातीने लिंपून टाकले की वर्षानुवर्षे कीड लागत नसे, कारण आत हवाच उरत नसे. तीच हवा माणसाचाही जीव घेई. म्हणून पेव उघडल्यावर बराच वेळ थांबायचे, आत कंदील सोडून पाहायचे, तो विझला नाही तरच माणूस उतरायचा. जमीन एकाची, हळद दुसऱ्याची, आणि त्या हळदीवर सांगलीची पेठ उभी. वरून पाहणाऱ्याला नुसते मोकळे रान दिसे. २००५ च्या महापुरात पाणी या पेवांत शिरले आणि पुष्कळशी पेवे कायमची गेली. या पेवांत ठेवणारा व ठेवून घेणारा, दोघांनाही ठाऊक असे की खाली काय आहे. भाडे ठरलेले असे, जोखीमही ठरलेली असे.

१९४२ नंतर या जिल्ह्यात जी ठेव आली तिचे भाडे ठरलेले नव्हते.

त्या वेळी आजचा सांगली जिल्हा नव्हता. वाळवा, तासगाव, शिराळा हे सारे सातारा जिल्ह्यात मोडत. दक्षिण सातारा वेगळा झाला १९४९ मध्ये आणि त्याचे नाव सांगली झाले १९६० मध्ये. सप्टेंबर १९४२ मध्ये तासगावच्या कचेरीवर मोर्चा गेला. वडूजला ९ तारखेस व इस्लामपूरला १० तारखेस मोर्च्यांवर गोळ्या चालल्या. मग चळवळ उघड्यावरून रानात गेली. नाना पाटील, जी. डी. लाड, नागनाथअण्णा नायकवडी यांच्यासारखी माणसे भूमिगत झाली आणि १९४३ पासून प्रतिसरकार आकाराला आले. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील साथीदारांसह सांगलीचा तुरुंग फोडून पुराच्या दिवसांत बाहेर पडले. त्याआधी ७ जूनला शेणोलीची गाडी लुटली गेली होती. पुढे १४ एप्रिल १९४४ रोजी खानदेशात चिमठाण्याजवळ सरकारी खजिना लुटला; रक्कम साडेपाच लाखांच्या घरात होती.

लूट झाली इथे आपली गोष्ट बहुधा संपते, आणि खरी अडचण तर तिथेच सुरू होते. एवढी रोकड एका रात्रीत जिरत नाही. बंदूक खांद्यावर घेऊन बाजाराला जाता येत नाही. जखमी माणसाला चार दिवस तरी छप्पर लागते. हे सारे कुठे ठेवायचे? जोंधळ्याच्या रानात, उसाच्या फडात, वैरणीच्या गंजीत, कणगीत, डोंगरकपारीत. यातल्या कपारीखेरीज प्रत्येक जागेला मालक होता.

राज्यांच्या सीमाही उपयोगी पडल्या. कुंडल हे चळवळीचे प्रमुख ठाणे औंध संस्थानात होते. राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३९ मध्येच प्रजेच्या हाती कारभार दिला होता. ब्रिटिश मुलुखातला शिपाई ओढा ओलांडला की दुसऱ्याच्या अमलात जाई. असा कारभार शेजारी असणे हीसुद्धा एक प्रकारची पेवच होती. पण ओढ्याच्या अलीकडे राहणाऱ्या कुळाला हा आडोसा नव्हता. फरारी माणसाला थारा देणे हा दंडविधानाच्या २१२ व्या कलमाखाली गुन्हा. चोरीचा माल जाणूनबुजून ठेवणे हा ४११ व्या कलमाखाली, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. शिवाय १९४२ च्या वटहुकुमाने साऱ्या गावावर सामुदायिक दंड बसवता येई.

त्या 'जाणूनबुजून' शब्दापाशी माझे अडले. मालकाला न विचारता त्याच्या गंजीत बंदूक ठेवली, तर कायद्याच्या दृष्टीने तो निर्दोष. पण झडतीत ती सापडली तर शिपायाचा दंडुका कलम वाचत बसत नाही. त्याला विचारून ठेवली तर तो गुन्हेगार ठरला. पण तो आपल्या मर्जीने ठरला, आणि त्या मर्जीला आपण देशभक्ती म्हणतो. विचारणे म्हणजे त्याला संकटात ओढणे, आणि न विचारणे म्हणजे त्याच्या जिवाशी परस्पर खेळणे. त्या मुलाच्या खेळातला नियम सोपा होता, कारण त्या डब्यापायी कोणाच्या घरावर झडती येत नाही.

याहूनही कडू प्रश्न आहे. प्रतिसरकारने गावोगाव न्यायदान मंडळे चालवली, जमिनीचे व गहाणाचे तंटे मिटवले, दारूबंदी केली, गांधी-पद्धतीची साध्या खर्चाची लग्ने लावली. गुंडांना आणि खबऱ्यांना तळपायावर मार दिला. त्यावरूनच 'पत्री सरकार' हे नाव लोकांच्या तोंडी बसले. अशा दिवसांत मध्यरात्री चार माणसे दाराशी आली आणि म्हणाली, "एवढं ठेवून घ्या", तर 'नाही' म्हणण्याची किती सोय होती? 'नाही' म्हणणारा उद्या फितूर ठरला तर? ज्यांनी आनंदाने ठेवले ते शेकड्यांनी होते, याबद्दल मला शंका नाही. लोकांनी मनापासून सांभाळले नसते तर इतके भूमिगत इतकी वर्षे टिकलेच नसते. नाना पाटील तर १९४६ मध्ये वॉरंटे उठेपर्यंत पोलिसांच्या हाती लागले नाहीत. पण सगळ्यांनीच आनंदाने ठेवले असे लिहून टाकणे हा त्या माणसांचा मान नव्हे. भीत भीत ठेवून ज्याने तोंड उघडले नाही, त्याचे मोल मला कमी वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी मी वर्गाला सांगितले, घरी विचारून या : आपल्या रानात, आपल्या घरात तेव्हा कोणी काही ठेवले होते का? बहुतेक मुले रिकामी आली, कारण विचारावे अशी माणसे आता घरोघर उरली नाहीत. एका मुलीने मात्र पणजीची गोष्ट आणली. पणजी त्या वेळी नवी नवरी होती. सासऱ्याने तिला बजावले होते, की परड्यातल्या कणगीतले दाणे काढायचे ते वरवरचेच, तळाला हात घालायचा नाही. तिने वर्षभर तसेच केले. पुढे एक दिवस सासरा म्हणाला, आता काढ. तिने तळाला हात घातला तर तिथे नुसते दाणेच होते. काय होते, कोणी ठेवले, कधी नेले, हे तिला मरेपर्यंत कोणी सांगितले नाही.

"मग तिला विचारलं होतं का?" मागच्या बाकावरून प्रश्न आला.

"सासऱ्याला विचारलं असेल," ती मुलगी म्हणाली, "तिला नाही विचारलं."

जमिनीच्या मालकाचे नाव सातबाऱ्यावर सापडते. लपवणाऱ्यांची नावे आमच्या चौकातल्या स्तंभावर कोरलेली आहेत. ज्या हाताने कणगीच्या तळाला वर्षभर स्पर्श केला नाही, त्या हाताचे नाव मी त्या दिवशी हजेरीपटाच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहून घेतले.