ग्रंथसेवक आणि नवी सूची

१९१० साली सयाजीराव महाराजांनी अमेरिकन ग्रंथालयतज्ज्ञ विल्यम बोर्डेन यांना बडोद्यास पाचारण केले. पुढील वर्षी तेथे ग्रंथसेवकांसाठी प्रशिक्षणवर्ग निघाला. वहीत नोंदी करण्यास सरावलेल्या हातांना कार्डांची सूची हे त्या काळचे नवे तंत्रच होते.

शतक उलटण्याच्या सुमारास सूची संगणकावर आणि पुढे आंतरजालावर गेली. यंत्राची भीती काय, महिन्याभरात ओसरते. मराठी पुस्तके सांभाळणाऱ्यांची खरी अडचण लिपीची होती. पुष्कळ ठिकाणी नोंदी रोमन लिपीत होत. तीत 'काळ' आणि 'काल', 'दिन' आणि 'दीन' एकच होऊन बसत. देवनागरी वापरावी, तर एका फाँटातील अक्षरे दुसऱ्या संगणकावर निरर्थक चिन्हे होऊन उमटत. युनिकोडने हा गुंता बराचसा सोडविला; गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटची 'सोल' २.० ही प्रणाली २००९ साली त्याच आधारावर आली.

तरीही शोधताना ऱ्हस्व-दीर्घ चुकले की कपाटात असलेले पुस्तक पडद्यावर सापडत नाही. बृहन्महाराष्ट्रातील शाळांत, जिथे मुलांच्या कानांवर दिवसभर दुसरीच भाषा पडते, हे वारंवार घडते. मग विद्यार्थी ग्रंथपालांच्या मेजाशी येतो, आणि ते शब्दाची दोन्ही रूपे टंकून पाहतात.