'प्लॉंक' ते ब्लॉक

मॅस्टोडॉनवर तुम्ही एखाद्याला ब्लॉक करता, नको ते शब्द गाळता किंवा एक अख्खा सर्व्हरच दिसेनासा करता, तेव्हा ही सोय अगदी नवी वाटते. पण तिला चाळीस वर्षांचा इतिहास आहे आणि त्यातलं एक महत्त्वाचं प्रकरण इथलं, ब्रिटनमधलं आहे.

१९८०च्या सुमारास अमेरिकेत सुरू झालेल्या यूजनेटला कुणी मालक नव्हता. सर्व्हर एकमेकांना मजकूर पाठवत. नव्वदच्या दशकात तिथे मराठी मंडळींचाही गट होता. कुणाची कटकट नको असेल, तर त्याचं नाव आपल्या 'किलफाइल'मध्ये टाकायचं आणि सगळ्यांदेखत लिहायचं, 'प्लॉंक'! म्हणजे तो माणूस तळाशी आपटल्याचा आवाज. त्याचं बोलणं चालूच राही, फक्त तुम्हाला ऐकू येत नसे.

दुसरी गाळणी सर्व्हर चालवणाऱ्याच्या हातात होती. कुठले गट ठेवायचे ते तो ठरवी. ऑगस्ट १९९६मध्ये लंडनच्या मेट्रोपॉलिटन पोलिसांनी इंटरनेट कंपन्यांना १३३ गटांची यादी पाठवली आणि ते काढून टाकायला सांगितलं. त्याच वर्षी, बालशोषणाच्या चित्रांविरुद्ध काम करणारी इंटरनेट वॉच फाउंडेशन ही संस्था उभी राहिली.

मग आलं डेमन इंटरनेटचं प्रकरण. जानेवारी १९९७मध्ये एका व्याख्यात्याच्या नावाने कुणीतरी अमेरिकेतून खोटा, बदनामीकारक मजकूर टाकला. त्याने १७ तारखेला फॅक्स करून तो काढायला सांगितलं. डेमनने काढला नाही. दहा दिवसांनी तो आपोआप गेला. किलफाइलचा इथे काय उपयोग? आपली बदनामी स्वतःपुरती लपवून ती थांबत नाही. १९९९मध्ये उच्च न्यायालयाने ठरवलं, की कळल्यावरही मजकूर ठेवणाऱ्या कंपनीला 'आम्हाला माहीत नव्हतं' असं म्हणता येणार नाही. २००० साली डेमनने १५,००० पौंड आणि दाव्याचा खर्च देऊन तडजोड केली. त्यानंतर, तक्रार आली की शहानिशा न करता मजकूर काढून टाकणं कंपन्यांना जास्त सोयीचं झालं.

मालक नसलेल्या जाळ्यालाही सामूहिक निर्णय घेता येतो. २०१९मध्ये अतिउजव्यांचं 'गॅब' मॅस्टोडॉनच्या प्रणालीवर आलं, तेव्हा कुणाच्याही हुकमाविना अनेक सर्व्हरांनी आपापल्यापुरता त्याच्याशी संबंध तोडला.

पण इथल्या २०२३च्या ऑनलाइन सेफ्टी कायद्याची बेकायदा मजकुराबाबतची कर्तव्यं १७ मार्च २०२५पासून लागू झाली, आणि ती फक्त बड्या कंपन्यांपुरती नाहीत. संध्याकाळी नोकरीवरून येऊन, देणग्यांवर सर्व्हर चालवणाऱ्यालाही आता धोक्याचं लेखी मूल्यमापन करावं लागतं. डेमनकडे निदान वकील होते.

म्हणून सुचवतो: तुमच्या सर्व्हरचं माहितीपान उघडा. कुठले सर्व्हर का बंद केलेत, याची यादी बहुधा तिथे असते. ती वाचा आणि ती कोण तयार करतं, तेही पाहा. तुमच्यासाठी गाळणी धरणारा माणूस तोच आहे.