बायोडिझेलमधून उरलेलं ग्लिसरीन: जिवाणू त्याचं काय करतात?

थंडीत ओठ फुटले की लावायची ग्लिसरीनची बाटली अनेक घरांत असते. हाच पदार्थ बायोडिझेलच्या कारखान्यात पिंपांनी उरतो. रसायनशास्त्रात त्याला ग्लिसरॉल म्हणतात.

ते येतं कुठून?
तेलात मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा मिसळून बायोडिझेल तयार करतात. वडे-भजी तळून काळं पडलेलं तेलही त्यासाठी चालतं. असं तेल गोळा करून बायोडिझेलकडे वळवण्यासाठी एफएसएसएआयने २०१८ मध्ये 'रुको' उपक्रम सुरू केला. १०० किलो बायोडिझेलमागे साधारण १० किलो ग्लिसरॉल निघतं. पण त्यात मिथेनॉल, साबण, क्षार आणि पाणी असतं. ते औषधी दर्जाचं करणं छोट्या कारखान्याला परवडत नाही.

नाल्यात सोडलं तर?
पाण्यातले जिवाणू त्यावर तुटून पडतात, पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि मासे मरतात. मिथेनॉल तर विषारीच. जिवाणूंची हीच भूक बंद टाकीत कामाला लावली, तर विकता येईल असं रसायन मिळतं.

टाकीत काय घडतं?
क्लोस्ट्रिडियम ब्युटिरिकम हा जिवाणू हवेशिवाय वाढतो. ग्लिसरॉलचा एक वाटा तो स्वतःच्या ऊर्जेसाठी वापरतो. त्यातून अ‍ॅसेटिक आणि ब्युटिरिक आम्लं बनतात. दुसऱ्या वाट्यातून १,३-प्रोपेनडायॉल तयार होतं. एक किलो ग्लिसरॉलमागे ते अर्ध्या किलोच्या आसपास मिळतं. ग्लिसरॉल आंबवल्यावर हे रसायन मिळतं, हे ऑगस्ट फ्रॉइंड यांनी १८८१ मध्येच दाखवलं होतं. क्लेबसिएला न्यूमोनिए हा जिवाणूही हे काम करतो, पण तो रोगकारक असल्याने कारखान्यात जास्त काळजी घ्यावी लागते.

उपयोग काय?
१,३-प्रोपेनडायॉलपासून गालिचे आणि कापडासाठी पीटीटी नावाचं पॉलिएस्टर बनतं. ते सौंदर्यप्रसाधनांतही वापरतात. प्रोपिऑनिबॅक्टेरियम जातीचे जिवाणू ग्लिसरॉलपासून प्रोपिऑनिक आम्ल करतात. पावाला बुरशी लागू नये म्हणून याच आम्लाचा क्षार घालतात.

अडचण कुठे आहे?
तयार झालेलं रसायन पाण्यात विरघळलेलं असतं. ते वेगळं काढण्यातच मोठा खर्च होतो. शिवाय त्याचं प्रमाण वाढलं की जिवाणूंची वाढ मंदावते. मक्याच्या साखरेपासून हेच रसायन बनवणाऱ्या मोठ्या कारखान्यांशी स्पर्धा आहे, ती वेगळीच. त्यामुळे छोट्या कारखान्याला सध्या सोपा मार्ग बायोगॅसचा. शेणासोबत थोडं ग्लिसरॉल घातलं की गॅस वाढतो. मात्र जास्त झालं, तर संयंत्र आंबट होऊन बंद पडतं.

हे लक्षात ठेवा
कारखान्यातलं कच्चं ग्लिसरीन स्वस्तात मिळालं तरी अंगाला लावू नका, जनावरांना पाजू नका. आणि तळणाचं वापरलेलं तेल गटारात ओतण्यापेक्षा अधिकृत संकलकाकडे द्या.