झोंपाळू मुलांचा न्याय

खादाड व झोंपाळू मुलास कुंभकर्ण म्हणून हिणविण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. परदेशांतहि निराळा प्रकार नाहीं. चार्ल्स डिकन्सच्या १८३६-३७ सालीं क्रमशः प्रसिद्ध झालेल्या ‘पिकविक पेपर्स’ या कादंबरींतील जो नांवाचा लठ्ठ पोऱ्या उभ्या उभ्या घोरूं लागतो, आणि त्याला पाहून वाचकांच्या कित्येक पिढ्या हंसत आल्या आहेत.

त्याच्याहि पूर्वींचें एक उदाहरण माद्रिद येथील प्रादो संग्रहालयांत आहे. स्पेनचा राजा दुसरा कार्लोस याच्या आज्ञेनें चित्रकार कारेन्यो यानें १६८० च्या सुमारास एउखेनिया नांवाच्या सहा वर्षांच्या अतिस्थूल मुलीचीं दोन चित्रें काढलीं; एक वस्त्रांसह, दुसरें विवस्त्र. लोकांनीं तिला ‘राक्षसी’ हें नांव दिलें. आजचे कांहीं वैद्य ती एका दुर्मिळ आनुवंशिक व्याधीनें पीडलेली असावी असा तर्क करितात. चित्रावरून निदान करणें धाडसाचें खरें. पण दरबारानें जिला करमणूक मानलें, ती कदाचित् रोगी होती, हा विचार मनाला चटका लावतो.

त्या व्याधीचें वर्णन झ्यूरिख येथील प्रादर, लाबहार्ट व विली या तीन डॉक्टरांनीं १९५६ सालीं नऊ रुग्णांवरून केलें. अशीं मुलें जन्मतः इतकीं शिथिल असतात कीं त्यांना दूध ओढण्याचीहि शक्ति नसते. पुढें त्यांना न शमणारी भूक लागते. योगायोग असा कीं, त्याच सालीं अमेरिकेंत बरवेल व त्याच्या सहकाऱ्यांनीं, पत्त्यांच्या डावांत उत्तम पानें हातीं येऊनहि झोंपीं गेलेल्या एका लठ्ठ गृहस्थाची हकीकत लिहून त्याच्या विकाराला पिकविकचें नांव दिलें. परंतु ही झोंप कोठून येते, याचें मर्म कोणालाच उमगलें नव्हतें. तें १९६५ सालीं फ्रान्स व जर्मनी येथील संशोधकांना स्वतंत्रपणें सांपडलें. निद्रेंत या रुग्णांचा श्वास वारंवार अडतो, ते क्षणभर जागे होतात व पुन्हां झोंपतात. रात्र अशी तुटक गेल्यावर दिवसा डोळा लागेल नाहीं तर काय होईल? १९७६ सालीं गिलेमिनो व त्याच्या सहकाऱ्यांनीं हाच श्वासरोध आठ मुलांत दाखविला.

१९८१ हें सालहि असेंच दुहेरी ठरलें. लेडबेटर व त्याच्या सहकाऱ्यांनीं झ्यूरिखच्या व्याधीचें मूळ पंधराव्या गुणसूत्राच्या तुटलेल्या तुकड्यांत दाखविलें, आणि सिडनीच्या सलिव्हननें नाकावरील मुखवट्यांतून हवेचा दाब देऊन पांच रुग्णांचे घसे रात्रभर मोकळे ठेवले. गुणसूत्राच्या या भागांतील कांहीं जनुकें पित्याकडून आलेलीं असतील तरच बोलतात. मातेकडून आलेलीं मुकीं असतात. त्यामुळें पित्याचा वांटा हरवला कीं मेंदूच्या तळाचा हायपोथॅलॅमस हा भाग बिघडतो. भूक, निद्रा व संप्रेरकें यांचें नियमन तेथूनच होतें. मग वाढीचें संप्रेरक कमी पडतें, स्नायु दुबळे राहतात, मेद सांचतो, आणि मेंदूकडून श्वासाला मिळणारी आज्ञाहि मंदावते. तेव्हां श्वास अडण्यास घसा व मेंदू हे दोन्ही कारण होतात.

२००० सालीं अमेरिकेंत या मुलांस वाढीचें संप्रेरक देण्यास मान्यता मिळाली. मुलें उंच व सशक्त होऊं लागलीं. पण थोड्याच काळांत उपचार चालू असतां कांहीं मुलें दगावल्याच्या वार्ता आल्या. त्यांतील बरींच अतिस्थूल होतीं किंवा त्यांना श्वासाचा विकार होता. संप्रेरकानें घशांतील गांठी वाढतात काय, अशी शंका निघाली. उपचार न घेणारीं मुलेंहि श्वासाच्या विकारानें मरतात, हेंहि पुढें आलें. औषध टाकून देण्याऐवजीं वैद्यांनीं शिस्त घातली: प्रारंभापूर्वीं रात्रभर निद्रेची तपासणी, कांहीं आठवड्यांनीं पुन्हां तपासणी, गांठी वाढल्यास शस्त्रक्रिया, आणि तीव्र श्वासरोध किंवा अतिस्थूलता असल्यास औषध वर्ज्य.

या इतिहासांत शोधांइतकीच आपल्या दृष्टीची कसोटी लागली आहे. ज्या मुलांना शतकानुशतकें आळशी व अधाशी म्हटलें, त्यांचा आळस हा रात्रीं केलेल्या श्रमाचा थकवा होता, आणि त्यांचा अधाशीपणा हा मेंदूचा अपराध होता. ज्या घरांत मूल घोरतें, श्वास कोंडून दचकतें व शाळेंत पेंगतें, तेथें हंसण्यापूर्वीं एक रात्र त्याच्या उशाशीं जागून त्याचा श्वास ऐकावा. त्यांत कदाचित् त्याचा न्याय असेल.