दारू सुटल्यानंतरचा आधार : बैठक कशी शोधावी?

व्यसनमुक्ती केंद्रातून रुग्ण घरी परतला, की उपचार संपले असे घरच्यांना वाटते. प्रत्यक्षात कसोटी तेथूनच सुरू होते. तीच गल्ली, तेच सोबती आणि तीच रिकामी संध्याकाळ समोर असते. या काळात समदुःखी माणसांची नियमित बैठक फार मोलाची ठरते. वसमतसारख्या तालुक्याच्या गावी मात्र दोन प्रश्न उभे राहतात : अशी बैठक शोधावी कशी आणि तेथे गेल्याने गावात बोभाटा तर होणार नाही ना?

बैठक म्हणजे काय?

'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' अर्थात 'एए' ही जगभर पसरलेली मद्यपाशींची संघटना. न्यूयॉर्कचे बिल विल्सन १९३५ मध्ये कामानिमित्त अमेरिकेतील ॲक्रन या शहरी गेले होते. काम फिसकटले आणि पुन्हा पिण्याची अनावर ओढ निर्माण झाली. तेव्हा त्यांनी हॉटेलातून दूरध्वनी करकरून आपल्यासारखाच एखादा मद्यपाशी शोधला. ते होते शल्यचिकित्सक डॉ. बॉब स्मिथ. या भेटीतून संघटना जन्मली. भारतात तिचे काम १९५७ पासून सुरू आहे.

दारू सोडण्याची इच्छा, एवढीच सदस्यत्वाची अट. शुल्क नाही, नोंदवही नाही. साधारण तासा-दीड तासाच्या बैठकीत प्रत्येक जण स्वतःचा अनुभव सांगतो, बाकीचे ऐकतात. कोणी उपदेश करीत नाही, जात वा व्यवसाय विचारीत नाही. पहिल्या दिवशी नुसते ऐकत बसले तरी चालते. 'आजचा एक दिवस प्यायचे नाही' एवढाच संकल्प तेथे केला जातो.

आधी डॉक्टरांचा सल्ला

अनेक वर्षे रोज पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केल्यास हातपाय थरथरणे, झोप उडणे, भास होणे, फिट येणे असे प्रकार घडू शकतात. प्रसंगी जिवावर बेतते. पहिले काही दिवस विशेष धोक्याचे असतात. म्हणून अशा व्यक्तीने प्रथम डॉक्टरांना दाखवावे. बैठक हा औषधोपचाराला पर्याय नव्हे, त्याची जोड आहे. वसमतहून सुमारे ४० किलोमीटरवरील नांदेड येथे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. हिंगोली व परभणी येथेही शासकीय रुग्णालये आहेत.

शोध कसा घ्यावा?

केंद्र सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्तीसाठीची निःशुल्क दूरध्वनी सेवा आहे. मन फारच खचले असल्यास 'टेली-मानस'चा १४४१६ हा क्रमांक उपयोगी पडतो. जवळच्या उपचार केंद्राची चौकशी येथे करता येते. 'एए'च्या बैठकीसाठी मात्र थेट संघटनेकडे विचारावे. तिचे देशपातळीवरील सेवा कार्यालय मुंबईत आहे. बैठकींच्या जागा व वेळा बदलत असतात. म्हणून घरून निघण्यापूर्वी दूरध्वनीवरून खात्री करून घ्यावी. बैठक 'खुली' आहे की 'बंद', हेही विचारावे. खुल्या बैठकीस नातेवाईक वा जिज्ञासू येऊ शकतात, बंद बैठक केवळ मद्यपाशींसाठी असते.

उपचार घेतलेल्या केंद्राकडेही पाठपुरावा गटांविषयी विचारणा करावी. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पुण्यात १९८६ मध्ये सुरू केलेल्या 'मुक्तांगण'ने उपचारानंतरच्या पाठपुराव्याला आरंभापासून महत्त्व दिले. या कामास पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांचे मोठे पाठबळ लाभले.

ओळखीची भीती

संघटनेच्या नावातच अनामिकता आहे. बैठकीत ऐकलेले बाहेर बोलायचे नाही, हा संकेत कटाक्षाने पाळला जातो. तरीही संकोच वाटत असेल, तर पहिल्या काही बैठका परगावी कराव्यात. जाणे जमत नसल्यास मोबाईलवरून होणाऱ्या बैठकीत सहभागी व्हावे. एक गोष्ट मात्र ध्यानी घ्यावी : गावाला आपले पिणे बहुधा ठाऊकच असते, नवलाई असते ती सोडण्याची.

घरच्यांसाठी

व्यसनाची झळ पत्नी, आई आणि मुलांना अधिक पोचते. त्यांच्यासाठी 'अल-ॲनॉन' ही स्वतंत्र संघटना १९५१ पासून कार्यरत आहे; 'मुक्तांगण'मध्ये पत्नींचा 'सहचरी' हा गट आहे. घरचा माणूस सोडायला तयार नसला तरीही त्यांनी अशा गटात जावे. व्यसनाचा दोष आपला नाही, हे कळणे हीच मोठी सुटका असते.

जवळ बैठक नसेल तर...

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशातील सुमारे ५ कोटी ७० लाख लोकांना दारूच्या समस्येसाठी मदतीची गरज आहे. मात्र मद्यावलंबी ३८ जणांपैकी एकालाच काही उपचार मिळतात. जवळपास बैठक नसणे हे अनेक गावांचे वास्तव आहे. पण सोडू इच्छिणारी दोन माणसे ठरल्या वारी, ठरल्या वेळी एकत्र बसली, की गटाचा आरंभ होतो. संघटनेच्या सेवा कार्यालयाकडून त्यासाठी मार्गदर्शन घ्यावे. ॲक्रनमध्येही सुरुवातीला दोघेच होते.

मध्येच पाय घसरला, तरी बैठक सोडू नये. त्या दिवशी तर आवर्जून जावे.